साम्यवादी राजवटीत फादर कसे घडत? कोल्हापुरात अडीच तासांचा अभ्यासवर्ग घेण्यासाठी

वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे कोल्हापुरात बऱ्याच जणांना ठाऊक असतं. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभही अनेकांनी पाहिलेला असतो. त्यातले बहुतेक कॅथलिक होते. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं होतं. पुढचा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. छावणी उठली तेव्हा त्यांच्या मायदेशी साम्यवादी सरकार बसलेलं होतं. मग तिथल्या चर्चला नवे फादर मिळत कसे होते?

हा प्रश्न घेऊन वाचनालयात, महाविद्यालयात किंवा चर्चच्या सभागृहात वर्ग घेता येतो. इतिहास शिकवणारे, पत्रकार, अनुवादक, धर्मग्रामातली (एका चर्चच्या परिसरातली) तरुण मंडळी, डाव्या चळवळीतले वाचक, सगळे बसू शकतात. पंधरा ते वीस जण पुरे. पंचविसाच्या वर गेलात तर गटात दोघं बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघत बसतात.

गाठ कुठे आहे

पहिल्या दहा मिनिटांत एकच मुद्दा नीट बसवा. तो निसटला तर पुढचे सगळे देश नुसती छळाची यादी वाटतात.

अंबाबाईच्या श्रीपूजकांची परंपरा घराण्यातून चालत आलेली आहे. गावच्या गुरवाचं, जोशाचं तसंच. बाप शिकवतो, मुलगा शिकतो. पाठशाळा बंद पडली तरी घर उरतं. लॅटिन परंपरेतला कॅथलिक फादर अविवाहित असतो, त्यामुळे त्याच्या घरातून पुढचा फादर निघत नाही. प्रत्येक पिढीत नवा मुलगा बाहेरून यावा लागतो, त्याला सहा-सात वर्षं शिकवावं लागतं आणि शेवटी बिशपनेच, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखानेच, डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा द्यावी लागते. या साखळीची एक कडी हातात आली की पुरे. चर्चला कुलूप ठोकलं तर गावभर बोभाटा होतो. फादर घडवणाऱ्या शाळेत, म्हणजे सेमिनरीत, यंदा पाचच मुलं घ्या, असं कागदावर लिहून दिलं तर बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

ग्रीक कॅथलिकांत, म्हणजे पोपला मानणाऱ्या पण पूर्वेकडच्या रीतीने उपासना करणाऱ्यांत, विवाहित पुरुषालाही दीक्षा मिळते. हा अपवाद सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर कुणीतरी मध्येच अडवतं आणि ते बरोबरच असतं.

सामान

युरोप आणि आशिया दोन्ही दिसतील असा भिंतीवरचा नकाशा. पाच मीटर सुतळी. पन्नास कपड्याचे चिमटे. पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची तीस कार्डं. पाच चार्ट पेपर. पातळ टायपिंगचे कागद, चार कार्बन पेपर आणि एक बॉलपेन.

सुतळी ही काळरेषा. कार्डांवर घटना लिहून ती चिमट्यांनी तिच्यावर लावायची. एका वर्षाला पाच सेंटिमीटर असं माप धरा. १९४३ ते २०२५ ही ८२ वर्षं, म्हणजे ४१० सेंटिमीटर. उरलेली सुतळी दोन्ही टोकांना बांधायला लागते. दर दहा वर्षांवर, म्हणजे दर ५० सेंटिमीटरवर, शाईची खूण करा. माप सगळीकडे सारखंच ठेवा. घटना दाटल्या म्हणून १९५० च्या आसपास सुतळी ताणली, तर चीनमधली रिकामी वर्षं डोळ्यांना दिसत नाहीत, आणि या वर्गात ती दिसणं फार महत्त्वाचं आहे.

शब्द आधी ठरवा

कोल्हापूर-मिरज भागातली जुनी ख्रिस्ती वस्ती मुख्यतः प्रॉटेस्टंट मिशनच्या कामातून उभी राहिली. त्यामुळे इथे ‘पाळक’ हा शब्द पटकन तोंडात येतो. पाळकांचं लग्न होतं, त्यांची नेमणूकही वेगळ्या रीतीने होते. या वर्गात ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’ म्हणा. ‘पुरोहित’ टाळा, तो शब्द ऐकला की वंशपरंपरा मनात येते आणि पहिल्या दहा मिनिटांची मेहनत वाया जाते. सेमिनरी, बिशप, धर्मप्रांत, धर्मग्राम, मिस्सा (मुख्य उपासनाविधी), गुरुदीक्षा (फादर होण्याचा संस्कार) हे शब्द फळ्यावर लिहून ठेवा. दीक्षेआधीच्या पायरीला डिकन किंवा उपयाजक म्हणतात. कोल्हापूर जिल्हा आज सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो, एवढं सांगितलं की धर्मप्रांत म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

नेहमीचं शिक्षण आधी: वीस मिनिटं

काय तोडलं गेलं हे कळायला अखंड काय होतं ते माहीत हवं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतात सेमिनरी चालवावी. आजच्या चर्च-कायद्यानुसार किमान सहा वर्षं अभ्यास लागतो: दोन वर्षांएवढं तत्त्वज्ञान, चार वर्षांएवढं ईश्वरविज्ञान. त्याआधी साधारण वर्षभराची पूर्वतयारी असते. डिकन व्हायला २३ वर्षं पूर्ण लागतात, फादर व्हायला २५, आणि दोन्हींमध्ये निदान सहा महिन्यांचं अंतर. पुस्तकी अभ्यास हा चारांतला एक भाग. माणूस म्हणून घडणं, प्रार्थनाजीवन आणि लोकांमधलं प्रत्यक्ष काम हे बाकीचे तीन.

जवळचं उदाहरण म्हणून पुण्याची पेपल सेमिनरी सांगा. ती १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली. एकत्र राहणं, एकत्र जेवणं, रोजची प्रार्थना, रोज नजरेसमोर असलेले शिक्षक. गुप्तपणे शिकणाऱ्याला पुस्तकं कशीबशी मिळायची, हे सहजीवन मात्र मिळत नसे.

आकडेमोड: पंधरा मिनिटं

हे गणित फळ्यावरच करा आणि आकडे कल्पित आहेत हे स्पष्ट सांगा. समजा एका प्रदेशात ६०० फादर आहेत आणि प्रत्येक जण सरासरी ४० वर्षं सेवा करतो. म्हणजे दरवर्षी १५ जागा रिकाम्या होणार. सरकारने दरवर्षी पाचच प्रवेश मंजूर केले आणि त्यातला एक मध्येच बाहेर पडला, तर चार दीक्षा होतात. वर्षाला ११ ची तूट, दहा वर्षांत ११०.

आता विचारा, ही तूट कधीपासून दिसेल? बहुतेक जण ‘लगेच’ म्हणतात. आधीपासून आत असलेली मुलं बाहेर पडतच असतात, त्यामुळे पहिली सहा-सात वर्षं फारसं काही जाणवत नाही. जाणवायला लागतं तेव्हा एकेका फादरकडे दोन-तीन धर्मग्रामं आलेली असतात आणि तक्रार कुणाकडे करावी हेही कळत नाही. दार उद्या पूर्ण उघडलं तरी पहिला नवा फादर पुन्हा सहा-सात वर्षांनीच मिळतो. गटाला हे स्वतःहून उमगू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

याच्या जोडीला लिथुएनियाचं खरं उदाहरण लगेच ठेवा. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सत्तेने तिथे फक्त कौनासची सेमिनरी चालू ठेवली. विद्यार्थ्यांची मर्यादा आधी १५० केली, मग ती टप्प्याटप्प्याने खाली आणली, आणि १९६० च्या दशकात ती २५ च्या आसपास आली. ही पूर्ण सेमिनरीची संख्या, एका वर्गाची नव्हे.

पाच प्रश्न

प्रत्येक चार्टवर एका देशासाठी हे पाच रकाने आखा. प्रवेश कोण देतं? शिकवतं कोण आणि काय? शिक्षण सलग होतं का? दीक्षा देणारा बिशप कुणी नेमलेला? दीक्षेनंतर काम करायला परवानगी कुणाची? शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. चेकोस्लोव्हाकियाचा चार्ट त्या प्रश्नाशिवाय अर्धाच राहतो.

तीन-चार जणांचे पाच गट करा आणि प्रत्येकाला एक देश द्या. वाचन आणि चार्ट भरायला २५ मिनिटं, मग दहा मिनिटं चहा, मग प्रत्येक गटाला सात मिनिटं. उरलेली ३५ मिनिटं चर्चा. गटांना द्यायची माहिती पुढे आहे. ती एका पानावर छापून द्या. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर शोधायचं ठरवलं, तर २५ मिनिटं शोधण्यातच जातात.

पोलंड. इथे सेमिनऱ्या उघडपणे चालू राहिल्या, म्हणून हा चार्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा भरतो. १९५३ च्या फेब्रुवारीत सरकारने चर्चमधल्या नेमणुकांवर स्वतःच्या संमतीची अट घातली. सप्टेंबरमध्ये पोलंडच्या चर्चचे प्रमुख कार्डिनल विशिन्स्की यांना अटक झाली, ते १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत स्थानबद्ध होते. १९५४ मध्ये क्राकोव आणि वॉर्सा इथल्या विद्यापीठांतून ईश्वरविज्ञानाचे विभाग काढून टाकले. लुब्लिनचं कॅथलिक विद्यापीठ मात्र टिकलं. घाव घातला तो तिसऱ्या प्रश्नावर. १९५९ पासून सुमारे वीस वर्षं सेमिनरीतल्या मुलांना अभ्यासाच्या मध्येच दोन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेला नेत. त्यांच्यासाठी बार्तोशित्से इथे वेगळी तुकडीच होती. राजकीय व्याख्यानं, प्रार्थनेवर बंदी, परत न जाण्यासाठी दबाव. येझी पोपियेवूश्को १९६६ ते १९६८ तिथे होते आणि श्रद्धेवर अडून बसल्याबद्दल त्यांनी शिक्षा भोगल्या. १९७२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली, १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरक्षा यंत्रणेच्या माणसांनी त्यांची हत्या केली. मुलांना तोडण्यासाठी काढलेल्या तुकड्यांतून कित्येक जण आणखी घट्ट होऊन परतले, हे गटाच्या चार्टवर आलंच पाहिजे.

चेकोस्लोव्हाकिया. १९४९ च्या कायद्यांनी चर्चच्या कारभारासाठी सरकारी कार्यालय आलं, फादरांचा पगार सरकारने द्यायला घेतला आणि काम करायला सरकारी संमती लागू केली. पगाराची तारीख आणि परवान्याची सही एकाच हातात गेली. १९५० च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पुरुषांचे मठ रिकामे केले. त्याच वर्षी धर्मप्रांतांच्या सेमिनऱ्या बंद करून देशभरासाठी दोनच ठिकाणं ठेवली, एक चेक भागात आणि एक स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला. चेक भागातलं पुढे प्रागहून लितोम्येर्झित्सेला हलवलं. प्रवेशाची संख्या सरकार ठरवायचं.

मग दुसरी वाट तयार झाली. यान क्रिझोस्तोम कोरेत्स १९५१ मध्ये २७ व्या वर्षी गुप्तपणे बिशप झाले. ते कारखान्यात काम करत. १९६० ते १९६८ तुरुंगात होते, १९९१ मध्ये कार्डिनल झाले. तोमाश हालीक यांना १९७८ मध्ये पूर्व जर्मनीतल्या एअरफुर्टमध्ये गुप्त दीक्षा मिळाली. परत आल्यावर ते मानसोपचाराचं काम करत राहिले. मिलोस्लाव व्लक यांची गोष्ट पाचव्या प्रश्नासाठी ठेवा. दीक्षा होती, परवाना काढून घेतला होता. १९७८ ते १९८६ त्यांनी प्रागमध्ये दुकानांच्या काचा पुसल्या. १९९१ मध्ये ते त्याच शहराचे आर्चबिशप झाले.

गुप्त शिक्षण म्हणजे काय, हे हाताने करून दाखवा. पाच पातळ कागदांमध्ये चार कार्बन घाला आणि एकाला तत्त्वज्ञानातल्या दहा ओळी बॉलपेनने लिहायला सांगा. पाचवी प्रत पुसट येते. आता दुसऱ्या गटाने ती पुसट प्रत वाचून पुन्हा उतरवायची. दुसऱ्या फेरीत एखादी तारीख किंवा नाव बदललेलं हमखास सापडतं. तिकडे हे टाइपरायटरवर चाले. अभ्यास घरांमध्ये तीन-चार जणांच्या गटात, रात्री किंवा सुटीच्या दिवशी, दिवसभराची नोकरी सांभाळून. वही सापडली तर तोच पुरावा ठरायचा, म्हणून लिहिण्यापेक्षा पाठ करण्यावर भर असे.

लिथुएनिया. कौनासचे आकडे वर आले आहेत. पहिल्या प्रश्नाखाली लिहा: उमेदवारांची यादी सरकारी प्रतिनिधीकडे जायची आणि तो नावं खोडू शकायचा. आत आलेल्या मुलांना केजीबी ही सोव्हिएत गुप्तचर यंत्रणा खबरे करायला बघे, त्यामुळे वर्गमित्रावर विश्वास ठेवावा की नाही हा रोजचा प्रश्न. हे आकड्यांत दिसत नाही, पण आमच्या मते सगळ्यांत खोल जखम हीच. १९७२ मध्ये लिथुएनियातल्या कॅथलिक चर्चची गुप्त बातमीपत्रिका सुरू झाली आणि १९८९ पर्यंत ८१ अंक निघाले. सेमिनरीतला हस्तक्षेप तारीख-नावानिशी जगापुढे आला तो त्यातून. तिचे संपादक सिगितास तामकेविचुस कौनासमध्येच शिकले होते. १९८३ मध्ये त्यांना अटक झाली, २०१९ मध्ये ते कार्डिनल झाले.

चीन. १९५७ मध्ये सरकारच्या देखरेखीखाली देशभक्त कॅथलिक संघटना स्थापन झाली. १९५८ पासून पोपच्या संमतीशिवाय बिशप नेमले जाऊ लागले. इथे घाव थेट चौथ्या प्रश्नावर. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत सगळं थांबलं. १९८२ मध्ये शांघायजवळच्या शेशानला सेमिनरी उघडली, १९८३ मध्ये बीजिंगची राष्ट्रीय सेमिनरी. आता सुतळीकडे बोट करा: १९६६ ते १९८२, म्हणजे ८० सेंटिमीटर रिकामे. शिकवणारे सत्तरीतले, शिकणारे विशीतले, आणि मधल्या वयाचं कुणीच नाही. शिवाय १९६२-६५ च्या व्हॅटिकन परिषदेतले बदल तिथे वेळेत पोचलेच नव्हते. १९८० च्या दशकात तिथल्या मिस्सा लॅटिनमध्येच होत होत्या. चिनी भाषेतली मिस्सा शेशानला १९८९ मध्ये आली.

शेशानचे रेक्टर (सेमिनरीचे प्रमुख) जिन लुशियान हे जेझुइट या धर्मसंघातले फादर. १९५५ मध्ये पकडले गेल्यापासून त्यांची सुमारे २७ वर्षं तुरुंगात आणि नजरकैदेत गेली. मग सरकारमान्य सेमिनरी चालवायला ते तयार झाले. काहींनी त्यांना तडजोड करणारा म्हटलं, तर काहींच्या मते त्यांनी एक पिढी वाचवली. गटाला निकाल द्यायला लावू नका. पाचही प्रश्नांची उत्तरं त्यांच्या सेमिनरीपुरती लिहून घ्या, चर्चा आपोआप शहाणी होते.

व्हिएतनाम. १९७५ नंतर दक्षिणेतल्याही सेमिनऱ्या बंद पडल्या किंवा आक्रसल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून देशभरात सहा मोठ्या सेमिनऱ्यांना परवानगी मिळाली, पण प्रवेश दरवर्षी नव्हते, संख्या ठरलेली होती आणि नावं सरकारकडून मंजूर होऊन यायची. मुलाच्या घरातलं कुणी जुन्या राजवटीच्या बाजूचं असलं की नाव अडकायचं. फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगॉनचे सह-आर्चबिशप (पुढे त्याच पदाचे वारस) नेमले गेले, ऑगस्टमध्ये पकडले गेले आणि तेरा वर्षं बंदिवासात राहिले. त्यातली नऊ एकांतवासातली. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्सा करत. २००४ नंतर बंधनं बरीच सैल झाली. व्हिएतनामच्या चार्टवर ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन रंग वापरा, नाहीतर जुनं चित्र आजचं म्हणून लोकांच्या डोक्यात बसतं.

चुका इथे होतात

सर्वांत जास्त होणारी चूक पोप जॉन पॉल दुसरे यांच्याबाबत. ते क्राकोवच्या गुप्त सेमिनरीत १९४२ मध्ये शिकू लागले, ते नाझी जर्मनीच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये. त्यांची दीक्षा १ नोव्हेंबर १९४६ ची. त्यांची गुप्त सेमिनरी साम्यवादी सरकारच्या खात्यावर टाकू नका. त्या कार्डाला वेगळा रंग द्या.

दुसरी चूक केरळची. १९५७ मध्ये तिथे निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार आणि चर्च यांच्यात शिक्षण कायद्यावरून मोठा संघर्ष झाला, पण सेमिनरीतले प्रवेश किंवा बिशपांच्या नेमणुका सरकारच्या हातात कधीच नव्हत्या. वर्गात हे नाव निघणारच. दोन मिनिटांत फरक सांगा आणि पुढे चला.

कोल्हापुरात लाल झेंडा म्हणजे गिरणी, शेतमजूर, कॉम्रेड पानसरे. वर्गात बसलेल्या एखाद्याचं अर्धं आयुष्य त्या झेंड्याखाली गेलेलं असू शकतं. म्हणून दर वेळी ‘कम्युनिस्टांनी’ म्हणू नका. ‘१९५० मध्ये चेकोस्लोव्हाक सरकारने’ असं वर्ष आणि सत्ता धरून बोला. ते अधिक अचूकही आहे: पूर्व जर्मनीत एअरफुर्टचं अध्ययनकेंद्र १९५२ पासून उघडपणे चालू होतं, आणि अल्बानियाने १९६७ मध्ये धर्मच बेकायदा ठरवला. दोन्हीकडे पक्ष साम्यवादीच होता.

गुप्त ते शुद्ध आणि उघड ते बाटलेलं, अशी वाटणी होऊ देऊ नका. गुप्ततेचीही किंमत होती. ब्र्नोचे फेलिक्स दावीदेक १९६७ मध्ये गुप्तपणे बिशप झाले आणि त्यांनी विवाहित पुरुषांनाही दीक्षा दिली. १९७० मध्ये लुदमिला याव्होरोव्हा या बाईंनाही दिली. कागद नाहीत, साक्षीदार नाहीत. १९८९ नंतर कोणाची दीक्षा ग्राह्य धरायची हा प्रश्न उभा राहिला आणि कित्येकांना सशर्त, म्हणजे ‘आधीची दीक्षा वैध नसेल तर’ या अटीवर, पुन्हा दीक्षा घ्यायला सांगण्यात आलं. तुरुंगाच्या सावलीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, यावर पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

वर्गानंतर

पुढच्या रविवारी वळिवड्याला जायचं असेल तर कोल्हापूर–मिरज मार्गावर वळिवडे स्थानक आहे. छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं, त्यामुळे जुन्या बराकी शोधत फिरण्याची तयारी ठेवू नका. तिथे जाऊन सेमिनरीबद्दल बोलू नका, तो विषय त्या जागेचा नाही. इथली माणसं कुठून आली आणि १९४८ मध्ये परत जायचं की नाही यावर त्यांना काय ठरवावं लागलं, एवढंच बोला. सुतळीची पहिली २५ सेंटिमीटर तिथे दाखवली की पुरे.

चार्ट आणि कार्डं पुढच्या वर्गासाठी पाकिटात जपून ठेवा. चीनच्या चार्टवरचा चौथा रकाना मात्र शाईने लिहू नका. बिशपांच्या नेमणुकीबद्दल व्हॅटिकन आणि चीन यांच्यात २२ सप्टेंबर २०१८ ला तात्पुरता करार झाला. त्याचा मजकूर प्रसिद्ध केलेला नाही. २०२० आणि २०२२ मध्ये त्याला दोन-दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चार वर्षांची. तो रकाना पेन्सिलने भरा आणि २०२८ च्या ऑक्टोबरनंतर वर्ग घ्यायचा असेल तर आधी तो तपासा.